गुंजेच्या डोळ्यांचे मासे

समुद्रफेस जळतो तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. आज माझ्या घरात शिशाचा कपटासुद्धा नाही, तरी भर दुपारी कधीतरी तो वास येतो आणि मी उठून चूल बघून येते. चुलीत काही नसतं. शेजारीण म्हणते, तुम्हाला भास होतो. होतो तर होतो. भास झाला म्हणून वास काही खोटा ठरत नाही.

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले ते भाट्याच्या खाडीजवळच्या घरात. घरात माणसं मोजकी. सासूबाई, आमचे हे, आणि शाळेत जाणारा एक दीर. हे कचेरीत नकला उतरवायचे. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहायची आणि कचेरी सुटली की खाडीच्या तोंडाशी खडकावर जाऊन गरवायचं. गरी म्हणजे गळ. गरी टाकून मासे धरायचे, त्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. ह्यांना त्याचं वेडच होतं. बायको नवी होती, पण खाडी जुनी होती, आणि जुनीचा मान मोठा. मी हे तोंडावर बोलून दाखवलं तेव्हा हे इतके लाजले, की त्या दिवशी गरवायला गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र गेले.

ह्यांना हवा असायचा जिताडा. भरतीच्या पाण्याबरोबर तो खाडीत शिरतो, आणि मोठा जिताडा लागला तर दोर तळहात कापून काढतो. कोळंबीला तो तोंड लावीलच असं नाही, पण पाण्यात चमकून पळणारं काही दिसलं की राहवत नाही त्याला. हे ह्यांना सांगितलं राजिवड्याच्या एका खलाशानं. तो आफ्रिकेतल्या जंगबारहून आला तेव्हा शिशाचा एक मासा घेऊन आला. बोटभर लांबीचा, पोटाकडे जाड, आणि शेपटीतून गरी बाहेर आलेली. "आमिष नको, काय नको," तो म्हणाला. "खाली सोडायचा आन् नाचवायचा. बघा मंग."

हे त्या माशानं झपाटले. पांगाऱ्याच्या लाकडाचा तसाच एक मासा ह्यांनी कोरला, आणि त्याच्यावरून साचा करायला बसले. मातीचा साचा केला, तो तडकला. जांभ्या दगडात कोरून बघितला, तर जांभ्याला जिकडेतिकडे भोकं. मासा निघाला तो देवी आलेल्या माणसासारखा. मी हसले. हे चिडून म्हणाले, "मग तू करून दाखव."

मी करून दाखवला. माझ्या माहेरी शेजारी सोनार होता, तो समुद्रफेसात अंगठ्या ओतायचा. समुद्रफेस म्हणजे माकुळाचं, त्या आठ-दहा पायांच्या मऊ माशाचं, पाठीतलं हाड. किनाऱ्यावर वाहून येतं, पांढरं, हलकं, नखानं उकरावं इतकं मऊ. मी भाट्याच्या वाळूतून टोपलीभर वेचून आणलं आणि आमसुलांच्या शेजारी उन्हात वाळत घातलं. ते कडकडीत वाळावं लागतं. ओल राहिली तर शिसं उसळून तोंडावर येतं. मग दोन तुकडे दगडावर घासून सपाट करायचे, मधे लाकडी मासा ठेवायचा आणि दोन्ही हातांनी दाबायचं. मासा आत बुडतो, आवाज न करता. तुकडे सोडवून मासा काढून घ्यायचा, त्याच्या शेपटीच्या जागी गरी ठेवायची, तोंडाशी शिसं ओतायला वाट कोरायची, आणि सुंभानं बांधून साचा वाळूत उभा करायचा. शिसं मिळायचं वाण्याकडे. चहाच्या पेट्यांना आतून त्याचा पत्रा असे. ते पळीत वितळवून मी हलक्या हातानं ओतायची.

पहिला मासा बाहेर काढला तो आम्ही दारातल्या उजेडात नेऊन बघितला. समुद्रफेसाला आतून बारीक रेघा असतात. त्या रेघा शिशात उतरल्या होत्या आणि मासा खवल्यांनी भरून गेला होता. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. सुंदर दिसण्याबद्दल माझ्याकडे कुणी कधी तसं बघितलं नव्हतं, तेव्हा माशाबद्दल का होईना, मी ते मनापासून घेतलं. लग्नातला तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

डोळे ही माझीच हौस. साच्यात दोन्ही बाजूंना गुंज दाबून मी खळगा करायची, आणि मासा ओतून झाला की खळग्यात लाखेनं खरी गुंज बसवायची. लालभडक डोळा, त्यात काळं बुबुळ. एक साचा एकदाच चाले, आतून करपून जाई, म्हणून प्रत्येक मासा वेगळा. तयार मासे मी खिडकीत दोरीवर ओळीनं टांगायची. वारा आला की ते एकमेकांवर आपटून किणकिण करायचे. मिरकरवाड्याची कोळीण दारात मासळी घेऊन आली की आधी त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुमचे मासं माझ्या मासळीपेक्षा ताजं गो बाय." हे भरतीला जिताडे आणायचे आणि मला वाटायचं ते माझेच.

आता पळीचं सांगते. घरात लोखंडी पळी एकच होती. तिच्यात सकाळी फोडणी व्हायची आणि दुपारी शिसं. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक, पण पळीबद्दल त्यांची हरकत नव्हती. "विस्तवात घातलं की सगळं शुद्ध," त्या म्हणायच्या. मी पळी राखेनं घासायची, चुलीत लाल करायची, तिच्यात तूप-जिरं तडतडवायची आणि अख्खी पळीच आमसुलाच्या सारात बुडवायची. काय चर्र आवाज व्हायचा! ते सार किंचित गोडसर लागे. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा मला मातीचे डोहाळे लागले. त्यात नवल नाही. कुणी चुलीची माती खातं, कुणी भाजलेली ढेकळं. मला समुद्रफेस खावासा वाटायचा, आणि तोही वापरलेला. साचा फोडून मासा काढला की आतला करपलेला तपकिरी भाग मी नखानं उकरून तोंडात टाकायची. खारट, भुसभुशीत, जिभेवर विरघळणारा. दीर चिडवायचा, "वहिनी, आता होडीच खा एखादी." सासूबाई त्याला दटावायच्या. "खाऊ दे रे तिला. समुद्रफेस औषधी हाय. पोर दर्यावर नाव काढील." आणि त्या स्वतः माझ्यासाठी फुटलेले साचे डब्यात भरून ठेवायच्या. किती मायेनं ठेवायच्या! त्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ते मूल मेलेलंच जन्माला आलं. मुलगा होता. नीट, नाकी डोळी सगळा नीट. त्याला खाडीकाठच्या उंडीच्या झाडाखाली पुरला. मी गेले नाही, बाळंतिणीला कोण जाऊ देतं. दुसरं पाचव्या महिन्यात गेलं. ते काय होतं मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मला मासे बघवेनात. खिडकीत ते टांगलेले असायचे आणि मी घरात जाईन तिकडे त्यांचे डोळे यायचे. वारा नसतानाही किणकिण ऐकू यायची. सासूबाईंना सांगितलं नाही, पण त्यांचीही नजर खिडकीकडे जायची हे मी बघितलं होतं. आळीतल्या बायकांनी तर निकालच लावून टाकला. एवढे जीव खाडीतून काढता, खाडी आपला वाटा घेणारच. आडावर पाणी भरताना एका बाईनं तर मला धरूनच ठेवलं, "बाय, तुझी पोरं तिकडं गेली हो, मासे होऊन." मी तिला तिथल्या तिथं फटकारलं. घरी येऊन मात्र खूप रडले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी देवळात कौल लावायचा ठरवला. गुरवानं देवीच्या अंगावर कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याचे प्रश्न आणि देवीची उत्तरं, असं बराच वेळ चाललं. दोष घराचा? नाही. माणसाचा? नाही. खाडीचा? उजवी कळी टपकन पडली. गुरव म्हणाला, "खाडीतनं घेतलात, खाडीला दिलात नाय. जेवढी पोरं गेली, तेवढे मासे तिच्या ओटीत घाला. जिनं पोरं गमावली तिनंच स्वतःच्या हातानं करून घाला. म्हंजे हे टिकल."

मला इतकं हलकं वाटलं. करण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला येत होतं! दुसरं कुणी सांगितलं असतं की उपास कर, पायी जा, तर मी कुरकुर केली असती. मासे ओतायचे हे तर माझंच काम.

दृष्ट लागू नये म्हणून यावेळी ओतायचं काम बाहेर नको, असं सासूबाई म्हणाल्या. म्हणून आतल्या खोलीत शेगडी आणली, दार लावलं आणि एकच झरोका होता तोही फडक्यानं बुजवला. मनासारखे होईपर्यंत मी ओतत राहिले. एकाचं शेपूट तुटलं, एकाच्या पोटात भोक राहिलं, ते परत वितळवले. देवीला वाकडंतिकडं कसं द्यायचं? धुरानं डोकं जड व्हायचं, तोंडाला गोड चव यायची. करपलेले साचे शेजारी पडलेलेच असत, आणि माझे डोहाळे तेच होते. अखेर मनासारखे दोन मासे झाले. त्यांना मी गरी बसवली नाही. नवसाच्या माशांनी कुणाला पकडायचं नव्हतं. गुंजा मात्र निवडून निवडून लावल्या. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं आणि आम्ही भाट्याला जाऊन भरतीच्या पाण्यात दोन्ही मासे सोडले. हे गुडघाभर पाण्यात उभे होते. परत येताना आम्ही तिघंही हसत बोलत आलो.

ते मूलही राहिलं नाही.

मी देवीवर रागावले नाही. देवीला शिसं कुठलं ठाऊक असायला! पण घरात बोलणं बंद झालं. हे गरवायला जायचे ते जुनेच मासे घेऊन, आणि बरेचदा रिकाम्या हातानं परत यायचे. मला वाटतं, ते दोर सोडतच नसत. सासूबाई दुसरा कौल लावू म्हणाल्या, तर मी देवळाची पायरी चढणार नाही म्हणून सांगितलं. सारात फोडणी मात्र त्याच पळीनं होत होती.

दिराची शाळा संपली आणि तो गावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. खिळे म्हणजे छापायची अक्षरं, शिशाची. एक दिवस आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, मी वाढत होते. तो नव्या नोकरीच्या उत्साहात बडबडत होता. म्हणाला, "आमच्या फोरमनची शिस्त फार. हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शिसं पोटात जातं म्हणे आणि हाडात बसतं. आणि बायकांना तर खिळ्यांच्या जवळ फिरकू देत नाही तो. तो आधी होता त्या छापखान्यात बायका होत्या कामाला. म्हणतो, एकीचंही मूल टिकलं नाही."

सार वाढायला मी वाटी उचललेली होती. ह्यांचा हात भातावर होता, तो तिथंच राहिला. दिरानं आमच्याकडे बघितलं, खुंटीवरच्या पळीकडे बघितलं, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. बोललेलं परत घेता येत असतं तर त्यानं घेतलं असतं, बिचाऱ्यानं. सासूबाईंना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. त्या म्हणाल्या, "काय गो, सार थंड होतंय."

त्या दिवशी कुणी सार घेतलं नाही. सासूबाईंनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडावरून आले तर खिडकीतली दोरी रिकामी होती. पळी नाही, शिशाचा पत्रा नाही, समुद्रफेसाची टोपली नाही. लाकडी मासाही नाही. ह्यांनी सगळं गोळा करून नेलं होतं. कुठं नेलं ते सांगितलं नाही. मी फार संतापले. ह्यांनी टाकून दिलं म्हणून नव्हे, मला न विचारता टाकलं म्हणून. साचे माझे होते. मुलं माझी होती. "मला का नाही हाक मारलीत?" मी ओरडले. हे म्हणाले, "तुझ्याकडे बघायची हिंमत होईना." मी आत जाऊन भात टाकला. पुन्हा हे कधी गरवायला गेले नाहीत, आणि तो विषय आमच्यात निघाला नाही. सासूबाईंना आम्ही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. दर वर्षी नारळी पौर्णिमेला त्या खाडीत एक नारळ जास्त सोडायच्या. त्यांनी माझ्यासाठी भरलेला तो डबा मीच माळ्यावर नेऊन ठेवला.

खरं काय, ते मला आजही ठाऊक नाही. शिशाचं तोंड न बघितलेल्या बायकांचीही मुलं जात होतीच. कधी वाटतं देवीला दिलेले मासे कमी पडले. कधी वाटतं मीच खाल्ली माझी पोरं, उकरून उकरून, चवीनं. हा दुसरा विचार आला की तो वास येतो.

काही वर्षांनी मुलगी झाली. रडत आली, चांगली खणखणीत, आणि मी त्या आवाजानं हंबरडा फोडला. सासूबाईंनी तिला सुपात घालून पाहिली आणि मग त्या वर्षभरात गेल्या. खाडी शांत झाली, असंच त्यांना वाटलं. दीर तेव्हा मुंबईच्या छापखान्यात होता, तो बाकी सगळं सोडून दर पत्रात पुतणीचीच चौकशी करायचा. आम्ही दोघं मुलीच्या हाताकडे बघत जगलो. तिनं काही तोंडात घातलं की दोघंही धावायचो.

ती चार-पाच वर्षांची असेल. श्रावणातलं मोठं उधाण येऊन गेलं होतं आणि हे तिला भाट्याच्या वाळूवर फिरायला घेऊन गेले होते. परत आली ती परकराच्या ओच्यात काहीतरी लपवून. मी भाजी चिरत होते. थोड्या वेळानं ओटीवरून गाण्याचा आवाज आला, बाळाला निजवतात तसा. बघितलं तर तिनं सूप घेतलं होतं, सुपात फडक्याचं अंथरूण केलं होतं आणि त्यात काहीतरी गुंडाळून ठेवून ती सूप हलवत होती.

"आई, गप. माझं बाळ झोपलंय."

मी फडकं बाजूला केलं. शिशाचा मासा होता. वर पांढुरका थर चढलेला, पण खवल्यांच्या रेघा तशाच. गुंजा गळून गेल्या होत्या, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. शेपटीकडे बघितलं, गरी नव्हती, गरीचं भोकही नव्हतं. गरीशिवायचे मासे मी आयुष्यात दोनच ओतले होते.

मी तो उचलला, तशी ती किंचाळली. एका हातात मासा आणि दुसऱ्या हातात तिचं मनगट धरून मी तिला आडावर नेलं आणि तिचे हात धुतले. राखेनं धुतले, रिठ्यानं धुतले, पुन्हा राखेनं धुतले. तिची कातडी लाल झाली, तरी मी थांबत नव्हते. हे धावत आले, त्यांनी माझ्या हातातला मासा बघितला आणि आडाच्या कठड्यावर बसले.

तो परत खाडीत टाकणं मला जमणार नव्हतं. एकदा दिला होता, नको म्हणून खाडीनं परत पाठवला. शेजारणीजवळ मुलीला ठेवून आम्ही दोघं उंडीच्या झाडाखाली गेलो. मी तिथं पहिल्यांदाच जात होते. जागा ह्यांना बरोबर माहीत होती. ह्यांनी खणलं, मी मासा ठेवला. माती लोटताना हे म्हणाले, "तू काही केलं नाहीस. शिसं मी आणलं." मी म्हटलं, "ओतलं मी." एवढंच. एवढ्याला इतकी वर्षं लागली होती. दुसऱ्याचा मासा खाडीकडेच राहिला, आणि तिसऱ्यासाठी मासा कधी ओतलाच नव्हता. त्याच्यासाठी मी उंडीचं एक फळ ठेवलं.

घरी आलो तेव्हा मुलगी रडून रडून दमली होती आणि सूप हलवतच बसली होती, रिकामं. ह्यांना ते बघवेना. शिडी लावून हे माळ्यावर चढले, तुळईच्या मागे हात घातला आणि काहीतरी काढून धोतराला पुसत खाली आले. पांगाऱ्याचा मासा होता. सगळं फेकलं, पण तो एक ह्यांच्यानं फेकवला नव्हता. इतकी वर्षं आमच्या डोक्यावरच होता.

"हे घे बाळा," हे म्हणाले. "हे बघ किती छान. हे तुझं."

तिनं तो घेतला. दोन्ही हातांत धरून वर-खाली केला, बाळाला तोलतात तसा. मग ह्यांच्या हातात परत ठेवला.

"हे नको," ती म्हणाली. "हे हलकं आहे. माझं बाळ जड होतं."